पावलांनी मोजलेला आणि आकाशातून वाचलेला तिबेट

कुमाऊँच्या जोहार खोऱ्यात मिलम नावाचे एक गाव आहे. तेथील नैनसिंह रावत नावाचा एक शाळामास्तर १८६५ साली नेपाळच्या वाटेने तिबेटात शिरला आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासास पोचला. परकीयांना त्या काळी तिबेटात मज्जाव होता. म्हणून त्याने व्यापाऱ्याचा वेष घेतला होता. त्याच्या हाती जपमाळ होती, परंतु तीत १०८ ऐवजी १०० मणी होते. शंभर पावले पडली की एक मणी पुढे सरकवावयाचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावले झाली असे समजावयाचे. त्याच्या प्रार्थनाचक्रात दिशांची व अंतरांची टिपणे दडविलेली असत. उकळत्या पाण्यात तापमापक बुडवून तो त्या त्या ठिकाणची उंची काढी. सर्वेक्षण खात्यातील कॅप्टन माँटगोमेरी यांनी त्याच्याकडून चालण्याचा सराव असा घोटून घेतला होता की, चढ असो वा उतार, पावलाची लांबी बदलू नये. आपल्याकडील मोजणीदार शंकुसाखळी ओढीत शेताचे आणे मोजीत, ते लोखंडी साधनाच्या भरवशावर. या मास्तरांची साखळी म्हणजे त्यांचे स्वतःचे पाय. ल्हासाचे स्थान आणि उंची नकाशावर विश्वसनीय रीतीने प्रथम मांडली गेली ती या पायांच्या जोरावर.

नैनसिंहाची कथा स्वतंत्र व्याख्यानाच्या योग्यतेची आहे. ती येथेच सोडतो. मला आज पाहावयाचे आहे ते असे की, जेथे जाता येत नाही त्या भूमीचे अंतरंग मनुष्याने कसकसे जाणून घेतले, आणि पुढे शंभर वर्षांनी तीच भूमी आकाशातून दिसू लागली तेव्हा या जाणण्यात नेमका कोणता पालट झाला. मी भूशास्त्रज्ञ नव्हे. इतिहासाचा विद्यार्थी आणि पोटापुरता सरकारी नोकर, एवढाच माझा अधिकार.

वाट मोजणाऱ्यास वाट पुरते. भूशास्त्रज्ञाचे तसे नाही. त्याला एखाद्या डोंगरातील खडक पाहून भागत नाही; तो थर डोंगरापलीकडे कोठे जातो, कोठे मुडपतो, कोठे तुटतो हे पाहावे लागते. तिबेटचे पठार सुमारे २५ लाख चौरस किलोमीटरांचे, सरासरी साडेचार ते पाच हजार मीटर उंचीवरचे. उत्तर भागात शेकडो किलोमीटर वस्ती नाही, सरपण नाही, आणि हवा इतकी विरळ की दोन पावलांमागे एकदा थांबावे. त्यावर राजकारणाचा अडसर निराळाच. १९०३-०४ साली ब्रिटिशांची लष्करी मोहीम ल्हासावर गेली, तेव्हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे हेन्री हेडन तिच्यासोबत गेले आणि मध्य तिबेटच्या खडकांचा वृत्तान्त त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. बंदुकीच्या मागोमाग भूशास्त्राचा हातोडा तिबेटात शिरला, हे सत्य त्या वृत्तान्ताचे मोल मान्य करूनही विसरता येत नाही. हेडन यांनाही सैन्याच्या वाटेच्या आसपासचाच मुलूख दिसला, हे उघड आहे.

पुढे १९३६ साली ऑगस्तो गान्सर हा तरुण स्विस भूशास्त्रज्ञ यात्रेकरूच्या वेषात कैलासाची परिक्रमा करून आला. नैनसिंहाला जे सोंग घ्यावे लागले तेच सत्तर वर्षांनी या युरोपियनालाही घ्यावे लागले! कैलासाच्या दक्षिणेस त्याला असे काळसर हिरवे खडक सापडले की, जे महासागराच्या तळाशीच तयार व्हावयाचे. हिमालयापलीकडे, कोणत्याही समुद्रापासून शेकडो मैलांवर, सागरतळाचे खडक! त्यांचा पुरा अर्थ लागावयास १९६० नंतरचे दशक उजाडावे लागले. भारताचा भूखंड दक्षिणेकडून सरकत आला, मधला समुद्र मिटला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला भिडला. ते खडक म्हणजे त्या मिटलेल्या समुद्राची शिवण. एमिल आर्गाँ यांनी १९२२ सालीच ब्रुसेल्सच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत भारत आशियाखाली घुसल्याची कल्पना मांडली होती. परंतु ती कल्पना होती, आणि ती पडताळून पाहावयास तिबेटात जाणार कोण?

येथे एक कोडे उभे राहिले. १९६७-६८ च्या सुमारास जो भूपट्टांचा सिद्धान्त रूढ झाला त्याप्रमाणे पृथ्वीचे कवच काही ताठ तुकड्यांचे बनलेले असून हालचाल होते ती त्या तुकड्यांच्या कडांवर, अरुंद पट्ट्यात. महासागरात हे चोख जुळते. आशियात मात्र जुळेना. भारत आणि आशिया यांची सीमा हिमालयात म्हणावी, तर भूकंप होतात हिमालयापासून बैकल सरोवरापर्यंत, म्हणजे अडीच-तीन हजार किलोमीटरांच्या टापूत. १६ डिसेंबर १९२० रोजी चीनच्या कान्सू प्रांतातील हाययुआन येथे जो भूकंप झाला त्यात दोन लाखांवर माणसे मृत्युमुखी पडली. ते ठिकाण हिमालयापासून हजार किलोमीटरांहून दूर आहे. तेथील जमीन कोणाच्या धक्क्याने हलली? हा प्रश्न केवळ पंडितांच्या करमणुकीचा नव्हता.

उत्तर जमिनीवर लिहिलेले होते. पण ती जमीन बंद होती. पाश्चात्य शास्त्रज्ञांना त्या काळी चीनमध्ये प्रवेश नव्हता. चिनी शास्त्रज्ञांच्या तुकड्या १९७३ पासून पठारावर हिंडू लागल्या, परंतु त्यांचे काम बाहेरच्या जगाला फारसे कळत नव्हते.

२३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने एक उपग्रह सोडला. त्यालाच पुढे लँडसॅट हे नाव मिळाले. जमिनीपासून सुमारे ९०० किलोमीटर उंचीवरून तो ध्रुवाकडून ध्रुवाकडे फिरे आणि दर १८ दिवसांनी त्याच ठिकाणावर परत येई. त्याच्यावर दोन उपकरणे होती. ज्याच्यावर भिस्त होती तो कॅमेऱ्यांचा संच थोड्याच दिवसांत विजेच्या बिघाडामुळे निकामी झाला. आणि ज्याच्याकडे दुय्यम म्हणून पाहिले जात होते त्या उपकरणानेच सगळे काम केले. हे दुसरे उपकरण व्हर्जिनिया नॉरवुड या अभियंता बाईंच्या कल्पकतेतून उतरलेले. त्यात एक आरसा सारखा डोलत असे व खालच्या भूमीवरून परतणारा प्रकाश चार पट्ट्यांत वेगळा करून त्याचे आकडे पृथ्वीकडे पाठवीत असे. त्या चारांपैकी दोन पट्ट्या मनुष्याच्या डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या होत्या. म्हणून या चित्रांत झाडी हिरवी न दिसता लाल दिसते, स्वच्छ पाणी काळे दिसते, आणि उघड्या खडकांचे आपापसांतले भेद उठून येतात.

एका चित्रात १८५ किलोमीटर लांब व तेवढाच रुंद मुलूख मावे. बारकावा मात्र ८० मीटरांचा. म्हणजे घर दिसावयाचे नाही, वाडा दिसावयाचा नाही. पुष्कळांना हा दोष वाटला असेल. भूशास्त्राच्या दृष्टीने तोच गुण ठरला, असे माझे मत आहे. हजार किलोमीटर लांबीची भेग तिच्या काठावर उभे राहून कळत नाही. तेथे दिसते ती एक दरी, एक ओढा, एक चढण. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांतही तिचे तुकडेच हाती येतात, आणि प्रत्येक तुकड्यावर सावल्यांची दिशा वेगळी. लँडसॅटच्या चित्रांत एकाच वेळी, एकाच सूर्याच्या तिरप्या उन्हात, सबंध रेषा नजरेस येते. त्यात तिबेट उघडाबोडका. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्याने वाढविलेल्या रानाखाली आणि मातीखाली खडक झाकून जातो. तिबेटच्या उत्तर भागात पाऊस नाही, झाड नाही, लपविणारे काहीच नाही.

आणखी एक गोष्ट सरकारी नोकर या नात्याने माझ्या डोळ्यांत भरते. नैनसिंहाला वेषांतर करावे लागले, हेडनना फौज लागली. उपग्रहाला परवाना लागला नाही. दुसऱ्याच्या भूमीचे असे निरीक्षण करण्यास त्या राष्ट्राची संमती हवी की नको, यावर संयुक्त राष्ट्रांत वर्षानुवर्षे खल झाला. अखेर ३ डिसेंबर १९८६ रोजी जी तत्त्वे मान्य झाली त्यांत आगाऊ संमतीची अट घातलेली नाही. मात्र ज्या देशाची पाहणी झाली त्याला ती माहिती वाजवी मोबदल्यात मिळाली पाहिजे, असे म्हटले आहे. तोवर तिबेटच्या भूमीचे वाचन होऊन चुकले होते.

ते वाचन केले दोन तरुणांनी. पीटर मोल्नार हे अमेरिकन, भूकंपशास्त्राचे अभ्यासक. पॉल तापोनिये हे फ्रेंच, शिक्षणाने खाण-अभियंते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यासंस्थेत बसून त्यांनी आशियाची लँडसॅट-चित्रे एकास एक जोडली. तिबेटात तोवर त्यांना पाऊलही ठेवता आलेले नव्हते. ते शोधीत होते प्रस्तरभंगाच्या खुणा. प्रस्तरभंग म्हणजे जमिनीतील अशी चीर की, जिच्या दोन बाजूंचे खडक एकमेकांस घासून सरकतात. उभ्या रेघांचा पंचा मधून आडवा फाडावा आणि एक अर्धा हातभर बाजूला ओढावा, म्हणजे रेघा जशा तुटक दिसतात तसे चिरेवरून वाहणारे ओढे तुटक दिसतात. डोंगरातून सरळ येणारा ओढा चिरेपाशी एकदम काटकोनात वळतो, काही अंतर चिरेतून जातो आणि मग पुन्हा सरळ वाहू लागतो. असे ओळीने दहा ओढे एकाच बाजूला वळलेले दिसले की योगायोग म्हणावयास जागा राहत नाही.

अशा खुणांवरून ज्या रेषा त्यांनी आखल्या त्या पाहून आजही विस्मय वाटतो. पठाराच्या उत्तर कडेला, तारीमच्या वाळवंटाला लागून, अल्तिन ताग नावाचा प्रस्तरभंग दीड हजार किलोमीटरांवर पसरलेला आहे. त्याच्या दक्षिणेस कुनलुनचा. ईशान्येस हाययुआनचा, ज्याच्यावर १९२० सालचा अनर्थ घडला. भूकंपलहरींच्या नोंदींवरून खडक कोणत्या दिशेने सरकले हे काढता येते; मोल्नार यांनी त्या नोंदी चित्रांशी पडताळल्या, आणि दोन्ही जुळल्या. १९७५ च्या ऑगस्टमध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे सार थोडक्यात असे की, भारत एखाद्या पाचरीसारखा आशियात घुसत आहे आणि त्याच्या वाटेतील भूमी नुसती वर उचलली जात नसून पूर्वेकडे, चीनच्या समुद्राच्या बाजूला, सरकत आहे. चिमटीत धरलेला ओला चिंचोका दाबताच जसा बाजूला निसटतो तसेच काहीसे. हाययुआनची जमीन कोणाच्या धक्क्याने हलली, या प्रश्नाला उत्तर मिळाले. तो धक्का भारताचा होता. १९७८ साली त्यांनी दक्षिण तिबेटातील उत्तर-दक्षिण खचलेल्या दऱ्यांकडेही लक्ष वेधले: पठार पूर्व-पश्चिम ताणले जात असल्याचा हा पुरावा. तापोनिये व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली मुलांच्या खेळण्यातील मेणमातीच्या ठोकळ्यात एक ताठ ठोकळा हळूहळू दाबून हीच क्रिया टेबलावर घडवून दाखविली.

१९८० साली तिबेटचे दार किलकिले झाले. बीजिंगला परिषद भरली, परदेशी भूशास्त्रज्ञांना पठारावर नेण्यात आले, आणि तापोनिये फ्रेंच-चिनी मोहिमेतून प्रत्यक्ष त्या दऱ्यांत उतरले. चित्रात पाहिलेल्या चिरा जागेवर होत्या. एवढ्यावर ही हकीकत संपती तर ती विज्ञानाच्या विजयाची एक सुबक गोष्ट झाली असती. तसे झाले नाही, आणि मला पुढचा भागच अधिक बोधप्रद वाटतो.

१९८६ साली फ्रान्सने आपला स्पॉट उपग्रह सोडला. त्याचा बारकावा १० मीटरांचा. अल्तिन तागच्या काठी नदीच्या जुन्या पायऱ्या आणि हिमनद्यांनी टाकलेल्या दगडगोट्यांच्या राशी किती सरकल्या आहेत हे आता चित्रावरून मोजता येऊ लागले. कोठे शंभर मीटर, कोठे चारशे. १९८९ साली तापोनियेंच्या गटाने हिशेब मांडला: या राशी हिमयुग ओसरल्यानंतरच्या, म्हणजे सुमारे दहा हजार वर्षांच्या धराव्यात, तर चीर वर्षाला दोन ते तीन सेंटिमीटर सरकत असली पाहिजे. ही गती प्रचंड आहे. भारत उत्तरेकडे सरकतो तोच वर्षाला चार-पाच सेंटिमीटर.

परंतु चित्र अंतर दाखविते, वय दाखवीत नाही. दोनशे मीटर सरकण्यास दहा हजार वर्षे लागली असे धरले तर गती वर्षाला दोन सेंटिमीटर. वीस हजार धरली तर निम्मी. ते दहा हजार वर्षांचे वय चित्रात नव्हते. ते वाचणाऱ्याच्या गृहीतात होते. पुढे उपग्रहांच्या संकेतांवरून जमिनीवरील खुंट्यांची जागा मिलिमीटरांत मोजण्याचे तंत्र आले, आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत अल्तिन तागची गती वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर भरली. मोठा वाद माजला. दगडांचे नमुने आणून वय काढावे, तर नदीकाठच्या एकाच कड्याला दोन वये येतात: वरच्या पायरीचे एक, खालच्या पायरीचे दुसरे. कोणते धरावयाचे? वरची पायरी जुनी, म्हणून तिच्या वयाने भागले तर गती कमी येते. खालच्या पायरीच्या वयाने भागले तर जास्त. त्याच नदीकडे पुन्हा जाऊन, कडा नेमका केव्हापासून सरकू लागला असेल याचा जागेवर विचार केल्यावर, जुने मोठे आकडे खाली येऊ लागले. महसुली कामात नकाशा कितीही चोख असला तरी वहिवाट केव्हापासूनची हे ठरविण्यास गावात जाऊन जबाब घ्यावे लागतात, त्याची मला येथे आठवण होते.

अधिक नवलाची गोष्ट अशी की, ती रेषांची जाळी ज्या दोघांनी मिळून आखली त्यांचीच मते पुढे वेगळी झाली. तापोनिये अखेरपर्यंत म्हणत राहिले की, आशिया काही मोठ्या ताठ ठोकळ्यांचा असून ते ठोकळे चिरांवरून सरकतात. मोल्नार यांना वाटू लागले की, चिरा हा वरवरचा देखावा. खाली सबंध भूकवच दाट काकवीसारखे सावकाश ओघळत आहे. चित्रे तीच, वाचक दोन. मोल्नार २०२२ साली वारले, तापोनिये २०२३ साली. वाद त्यांच्या पश्चात चालूच आहे.

नंतर रडारचे उपग्रह आले. एका जागेची आधीची व नंतरची रडार-चित्रे ताडून जमीन किती हलली हे काढता येते. ८ नोव्हेंबर १९९७ रोजी उत्तर तिबेटात मान्यी येथे मोठा भूकंप झाला. सुमारे १७० किलोमीटर जमीन चिरली, काही ठिकाणी ती सात मीटरांपर्यंत सरकली, आणि त्या ओसाड प्रदेशात ते पाहावयास कोणी नव्हते. पॅरिस व कॅलिफोर्नियात बसून शास्त्रज्ञांनी त्याचे माप घेतले.

आपल्या देशाने या विद्येत हात आखडता घेतला नाही. हैदराबादला राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था १९७४ साली स्थापन झाली, जवळच्या शादनगर केंद्रात लँडसॅटचे संकेत थेट घेतले जाऊ लागले, आणि १७ मार्च १९८८ रोजी आपला स्वतःचा आय.आर.एस.-१ए हा उपग्रह सोव्हिएत प्रक्षेपकावरून आकाशात गेला. तिबेटला सरकविणारा जोर हिमालयालाही दाबतो आहे. तेथे वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर दाब साठतो, कडे उभे होतात, आणि कोसळतात.

नैनसिंहाचे मिलम नंदादेवीच्या पूर्वेकडील खोऱ्यात आहे. त्याच नंदादेवीच्या पश्चिमेच्या अंगाला रोंटी नावाचे शिखर आहे. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ऋषिगंगेला अकस्मात लोंढा आला, दोन जलविद्युत प्रकल्प उद्ध्वस्त झाले आणि दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. बोगद्यांत काम करणारे मजूर त्यांत पुष्कळ होते. हिमनदीवरील एखादा तलाव फुटला असावा, असे प्रथम सर्वत्र सांगण्यात आले. उपग्रहांची चित्रे पाहताच ते टिकले नाही. फुटण्याजोगा तलावच तेथे नव्हता. पांढऱ्या उतारावर अर्ध्या किलोमीटरहून रुंद असा काळा ओरखडा होता: सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक व बर्फ, त्यात चार पंचमांश खडकच, १८०० मीटर खाली कोसळला होता. घर्षणाने बर्फ वितळले आणि त्याचाच लोंढा झाला. मग अभ्यासकांनी मागच्या वर्षांची चित्रे काढली. त्या उतारावर भेग होती, आणि ती वर्षानुवर्षे रुंदावत गेलेली दिसत होती.

लँडसॅटचा सारा संग्रह २००८ पासून कोणालाही विनामूल्य मिळतो. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रेही तशीच मिळतात. आता चित्र मिळत नाही अशी तक्रार कोणत्याही खात्याला करता यावयाची नाही. रोंटीच्या भेगेकडे पाहणे हे कोणाच्या कामाच्या यादीत होते, एवढेच मी विचारीन. आणि माझ्या वर्गाच्या लोकांना हा प्रश्न सुखाचा नाही हे मला ठाऊक आहे. हैदराबादच्या केंद्राने २०२३ साली भारतातील भूस्खलनांची नकाशावली प्रसिद्ध केली. तीत १९९८ ते २०२२ या काळातील सुमारे ८० हजार भूस्खलनांची नोंद आहे. ही नोंद पडून गेलेल्या कड्यांची. जे अजून उभे आहेत त्यांची चित्रे दर पाच दिवसांनी येत आहेत.